किलखोमनचे आवार आणि हवालदाराची वही



स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत बेटांची एक माळ आहे. तिच्या दक्षिण टोकाला जे बेट आहे त्याच्या नावात इंग्रज लोक एक 'एस' लिहितात आणि बोलताना तो गिळून टाकतात. उच्चार होतो 'आयला'. हा शब्द आपल्याकडे कोणत्या प्रसंगी तोंडातून निघतो ते ह्या सभेत सांगायला नको. शौकिनांना हे बेट तिथल्या व्हिस्कीमुळे माहीत असते. मी आज बोलणार आहे ते तिथल्या कबरींविषयी.

बेटाच्या पश्चिम अंगाला किलखोमन नावाची जागा आहे. 'किल' म्हणजे गेलिक भाषेत संताचे ठाणे, प्रार्थनास्थान. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले तिथले दगडी चर्च आज छप्पर हरवून उघडे पडले आहे. आवारात मध्ययुगातला नक्षीदार दगडी क्रूस उभा आहे. तिथून जवळच, मकिरच्या पुळणीकडे तोंड करून, कुंपणाच्या आत एका घडणीच्या शिळांच्या रांगा आहेत. सत्तरच्या आसपास माणसे तिथे पुरलेली आहेत. ६ ऑक्टोबर १९१८ रोजी फुटलेल्या 'ओट्रँटो' बोटीवरची ही माणसे. पुष्कळ शिळांवर नाव नाही.

त्या बेटाशी आपला काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो पुढे येईल. तूर्त एवढेच सांगतो की लढाईचा इतिहास मी सेनापतींच्या चरित्रांवरून कधी वाचला नाही. मला तो हजेरीपटावरून वाचायची सवय आहे. माणूस कामावर होता काय, कोणाच्या हुकमाने होता, आणि मेल्यावर त्याचे नाव कोणी कुठे लिहिले, हे तीन प्रश्न गिरणीतल्या अपघाताला लागू पडतात तसेच आगबोटीच्या अपघातालाही पडतात.

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धात उतरली. लाखो माणसे अटलांटिक ओलांडून फ्रान्सच्या आघाडीवर न्यायची होती. अमेरिकेच्या स्वतःच्या बोटी त्याला पुरेनात, म्हणून ब्रिटिश प्रवासी बोटी ह्या कामाला जुंपल्या गेल्या. जर्मन पाणबुड्यांच्या भीतीने त्या तांड्याने निघत, भोवती लढाऊ जहाजांचा पहारा असे. लिव्हरपूलला किंवा ग्लासगोला जाणारी वाट आयर्लंड आणि स्कॉटलंड ह्यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रातून जाते. त्या वाटेच्या तोंडाशी आयला बेट उंबरठ्यासारखे आडवे पडले आहे. दोन मोठ्या बोटींनी ह्या उंबरठ्यावर कपाळ आपटले. ओट्रँटो त्यांतली दुसरी. पहिली 'टस्केनिया', आणि तिची हकीकत आधी सांगितल्याशिवाय दुसरीची कळायची नाही.

टस्केनिया २४ जानेवारी १९१८ रोजी न्यूयॉर्कसमोरच्या होबोकेनच्या धक्क्यावरून निघाली. तिच्यावर दोन हजारांवर अमेरिकन सैनिक आणि शेकड्यांनी ब्रिटिश खलाशी होते. ५ फेब्रुवारीच्या संध्याकाळी, अंधार पडता पडता, आयला बेट आणि आयर्लंडचा किनारा ह्यांच्यामध्ये, यूबी-७७ ह्या जर्मन पाणबुडीचा पाणतीर तिला लागला. रात्री दहाच्या सुमारास ती बुडाली. पहाऱ्यावरच्या विनाशिकांनी बहुतेकांना उचलून घेतले. दोनशेहून अधिक गेले. अमेरिकन सैन्य युरोपकडे घेऊन जाणारी बोट शत्रूने बुडवावी असा हा पहिलाच प्रसंग, म्हणून अमेरिकेत त्याचा फार मोठा गवगवा झाला.

पण हे सैनिक कोण होते? वर्तमानपत्रांना ते 'आमचे शूर जवान' होते. त्यांतल्या मोठ्या तुकडीचे नाव पाहा: विसावी इंजिनिअर्स, वनविभाग. ही लाकूडतोड्यांची पलटण. कुऱ्हाड, करवत आणि आरागिरणी ह्यांवर पोट भरणारी माणसे ओरेगॉन, वॉशिंग्टन, विस्कॉन्सिन अशा जंगली प्रांतांतून निवडून गणवेशात घातलेली. आघाडीवर त्यांना बंदूक चालवायची नव्हती. खंदकांना टेकू, रेल्वेला स्लीपर, बंदरांना धक्के लागत, त्यासाठी फ्रान्सची जंगले तोडायची होती.

ह्या माणसांचा धंदा त्या वेळी कोणत्या अवस्थेत होता हे अमेरिकन स्मारकांवर कोरलेले नाही, म्हणून मी सांगतो. १९१७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वायव्य प्रांतांतल्या लाकूडतोड्यांनी प्रचंड संप केला. कामाचा दिवस आठ तासांचा हवा, ही मुख्य मागणी. दुसरी मागणी ऐकून आपल्याला आपल्या चाळी आठवतील: राहायला माणसाजोगी जागा आणि मालकाकडून अंथरूण-पांघरूण. तोवर त्या मजुराने स्वतःची वळकटी पाठीवर घेऊन एका छावणीतून दुसऱ्या छावणीत हिंडावे अशी वहिवाट होती. संप पोलिसांनी, तुरुंगांनी आणि देशभक्तीच्या व्याख्यानांनी दडपला गेला. तेव्हा मजूर कामावर परत गेले, आणि काम असे रेंगाळू लागले की विमानांसाठी लागणारे लाकूड निघेना. अखेर ज्या लष्करी अधिकाऱ्याकडे ते लाकूड पुरवण्याची जबाबदारी होती त्यानेच १ मार्च १९१८ पासून आठ तासांचा दिवस जाहीर केला. टस्केनिया बुडाल्याला तेव्हा चोवीस दिवस झाले होते. (आपल्या मुंबईच्या कापडगिरण्यांत त्या वर्षी कायद्याने बारा तास होते. दहा तास मिळायला १९२० चा संप लागला.)

आता बेटावर येऊ. टस्केनियाच्या काही होड्या त्या काळोखात भरकटून बेटाच्या नैर्ऋत्येला 'ओ' नावाचे जे डोंगराळ टोक आहे त्याच्या कड्यांखाली येऊन फुटल्या. कड्यावरच्या शेतकऱ्यांनी कंदील घेऊन खाली उतरून जिवंत होते त्यांना वर आणले. घरे दोन-तीन खोल्यांची, युद्धामुळे शिध्याची टंचाई. भिजलेली, अर्धमेली माणसे डझनांनी दारात उभी राहिली. घरातल्या बायकांनी रात्रभर चुलीपुढे बसून भाजले-शिजवले, नवऱ्यांचे आणि लढाईवर गेलेल्या मुलांचे कपडे काढून दिले. बेटावरचे लोक आपसांत गेलिक बोलत, पाहुणे अमेरिकन इंग्रजी. दोघांमध्ये चहा हीच काय ती सामाईक भाषा.

सकाळ झाल्यावर प्रेते लागू लागली. पोर्ट नान गालान, किलियन, किनाबस आणि किलनॉटन अशा चार ठिकाणी त्यांना मूठमाती दिली. दफनाच्या आधी अडचण निघाली की अमेरिकन शिपायाला त्याच्या झेंड्याखाली पुरायचे, तर बेटावर अमेरिकन झेंडा नाही. मग जमीनदाराच्या वाड्यावर, आयला हाऊसमध्ये, चार बायका आणि एक पुरुष बसले. ज्ञानकोशातले चित्र समोर ठेवून, मिळाले ते कापड कापून, रात्र जागून त्यांनी झेंडा शिवला. त्या काळच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस तारे, एकेक कापून टाचलेले. हा झेंडा पुढे अध्यक्ष विल्सन ह्यांच्याकडे गेला आणि तिथून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात. २०१८ साली शताब्दीच्या निमित्ताने तो काही महिने बेटावर परत आणला होता. शिंप्याचे काम ज्याने केले आहे त्याला ह्या झेंड्याची किंमत कळेल. एका रात्रीत अठ्ठेचाळीस तारे म्हणजे थट्टा नव्हे.

परंतु मला झेंड्याहून एका वहीचे मोल अधिक वाटते.

बेटावरच्या पोलिसांचा प्रमुख होता सार्जंट माल्कम मॅकनील. आपल्या भाषेत हवालदार म्हणा. हाताखाली मोजकेच शिपाई. किरकोळ चोरी, मेंढ्यांची भांडणे, बेकायदा दारू एवढ्यावर ज्याचे आयुष्य जायचे त्या माणसापुढे ८-१० दिवसांत शंभरावर प्रेते आली, कित्येक खडकांवर ठेचून ओळखण्यापलीकडे गेलेली. साहेबलोकांचा हुकूम येईपर्यंत थांबला असता तरी त्याला कोणी दोष दिला नसता. त्याने वही काढली. प्रत्येक प्रेतापुढे त्याने लिहिले: उंची, केसांचा रंग, दात, अंगावरचे कपडे, बोटातली अंगठी, दंडावरचे गोंदण, कपड्यावरचा धोब्याचा नंबर, खिशात सापडलेला कागद. नाव कळले तर नाव. नाही कळले तर एवढी खूण, की एखाद्या आईने वाचली तर तिला कळावे.

मित्रहो, ज्यांनी कधी मस्टर लिहिले आहे त्यांना ठाऊक आहे की लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते लिखाणात उतरते. घाईने लिहिलेल्या मस्टरात 'एक इसम' असतो. गिरणीत बदली कामगार यंत्रात सापडून गेला की पहिला प्रश्न निघे तो हाच: आजच्या पाळीच्या मस्टरवर त्याचे नाव आहे काय? नसेल तर तो मेलाच नाही, असा हिशेब. मॅकनीलच्या वहीत 'एक इसम' नाही. पुढे अमेरिकेतून पत्रे येऊ लागली. आया, बाप, बायका विचारीत: माझा मुलगा तुम्ही पाहिला काय, त्याच्या दंडावर अमुक होते. आणि हा हवालदार वही उघडून उत्तरे पाठवी. त्याबद्दल त्याला पगारवाढ नव्हती. ती वही आज त्याच बेटावर, पोर्ट शार्लटच्या संग्रहालयात आहे.

फेब्रुवारीत ही वही सुरू झाली. ऑक्टोबरात ती पुन्हा उघडावी लागली.

ओट्रँटो ही बेलफास्टला १९०९ साली बांधलेली, बारा हजार टनांची बोट. मूळ धंदा ऑस्ट्रेलियाचे टपाल आणि उतारू. युद्धात तिच्यावर तोफा बसवल्या. १९१४ साली चिलीच्या किनाऱ्यावर कोरोनेलच्या लढाईतून ती कशीबशी निसटली होती. २५ सप्टेंबर १९१८ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या तांड्यात ती होती, सुमारे सातशे अमेरिकन सैनिक आणि तिनशेवर खलाशी घेऊन. सैनिकांत जॉर्जिया प्रांतातल्या खेड्यांतली, कापूस आणि शेतीवर वाढलेली पोरे पुष्कळ. सुरुवातीपासून प्रवासाला दृष्ट लागली होती. बोटीवर इन्फ्लुएंझा शिरला. १ ऑक्टोबरला एका फ्रेंच मच्छीमार गलबताशी टक्कर झाली, त्यावरचे ३७ मच्छीमार वर घेतले. मग वादळ सुरू झाले, आणि कित्येक दिवस सूर्य-तारे दिसले नाहीत. जागा अंदाजाने काढायची, वेग आणि दिशा ह्यांवरून.

६ तारखेच्या सकाळी धुके-पावसाच्या फटीतून पूर्वेला जमीन दिसली. कुठली जमीन? ओट्रँटोच्या अधिकाऱ्यांना वाटले आयर्लंडची, म्हणून त्यांनी बोट डावीकडे, उत्तरेला वळवली. शेजारून चाललेल्या 'काश्मीर' नावाच्या बोटीने बरोबर ओळखले की हे आयला बेट, आणि ती उजवीकडे, दक्षिणेला वळली. दोन्ही बोटी एकमेकींच्या अंगावर. काश्मीरची नाळ ओट्रँटोच्या कुशीत घुसली, आगवाल्यांच्या तळघरांत पाणी भरले, बॉयलर विझले, आणि बोट वाऱ्याच्या स्वाधीन होऊन किनाऱ्याकडे वाहू लागली. काश्मीर स्वतःही जखमी. सैनिकांनी भरलेली ती बोट ग्लासगोच्या वाटेने निघून गेली. हे नाव ऐकून चमकू नका, ती पी. अँड ओ. कंपनीची बोट. आपल्या मुंबईला ह्या कंपनीची ओळख करून द्यायला नको. तिच्या बोटींना हिंदुस्थानातली नावे देण्याची रीतच होती.

पुढचे तास दीड तास एका छोट्या विनाशिकेचे आहेत. 'माउन्सी' तिचे नाव, कप्तान लेफ्टनंट फ्रान्सिस क्रेव्हन. ओट्रँटोच्या कप्तान डेव्हिडसनने त्याला बजावले की जवळ येऊ नकोस, तुझी बोट जाईल. क्रेव्हनने बोट जवळ घातलीच. लाटेबरोबर ती वर येई तेव्हा वरून माणसे उड्या घेत. काही डेकवर पडली, हातपाय मोडले पण जगली. काही दोन बोटींच्या मध्ये पडली, त्यांचे वर्णन मी करीत नाही. माउन्सी पुन्हा पुन्हा आत गेली आणि सुमारे सहाशे माणसे घेऊन बेलफास्टला पोचली. तिच्यावर एवढ्या माणसांना उभे राहायलाही जागा नव्हती.

ह्या क्रेव्हनचे पुढे काय झाले ते ऐका. युद्ध संपले, त्याने नौदल सोडले. आयरिश लोकांचा स्वातंत्र्यलढा चिरडण्यासाठी ब्रिटिश सरकारने माजी अधिकाऱ्यांचे जे जादा पोलीस दल उभारले होते त्यात तो नोकरीला लागला. २ फेब्रुवारी १९२१ रोजी लाँगफर्ड परगण्यात क्लॉनफिन इथे बंडखोरांनी त्यांच्या गाड्या अडवल्या आणि त्या चकमकीत तो मारला गेला. सहाशे माणसे वाचवणारा हात, सव्वादोन वर्षांनी दुसऱ्याच्या देशावर रोखलेला. काही इंग्रज लेखक ह्या माणसाचा पहिला भाग सांगून थांबतात आणि काही आयरिश लेखक दुसऱ्यापासून सुरू करतात. माणूस एकच होता. माझ्या मते दोन्ही सांगावेत आणि जमाखर्च श्रोत्यांवर सोडावा.

माउन्सी गेल्यावर ओट्रँटोवर चारशेहून अधिक माणसे उरली. बोट मकिरच्या पुळणीजवळ खडकावर चढली आणि फुटली. पुळण समोर दिसत होती. पण मधला पट्टा लाकडांच्या ओंडक्यांनी, फुटक्या फळ्यांनी घुसळत होता, आणि पोहणारे बुडण्यापेक्षा चेचूनच अधिक मेले. मेंढपाळांच्या घरची पोरे काठ्या घेऊन लाटांत शिरली आणि हाताला लागतील त्यांना ओढून आणू लागली. किनाऱ्याला जिवंत पोचले ते वीसच्या आतबाहेर, त्यांतलेही काही टिकले नाहीत. एकूण ३५१ अमेरिकन सैनिक आणि ८० खलाशी गेले, असा हिशेब धरतात. जॉर्जियातल्या एकट्या बेरियन परगण्यातली वीसहून अधिक पोरे ह्यात होती. त्या परगण्याच्या गावी चौकात आज शिपायाचा पुतळा आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती ६ ऑक्टोबरची तारीख मुंबईच्याही इतिहासात आहे. ओट्रँटोवर जी साथ होती तीच मुंबईत होती, आणि शहरात त्या दिवशी ७०० हून अधिक मृत्यूंची नोंद झाली. साथीतल्या एका दिवसाचा तो सर्वांत मोठा आकडा. मुंबईतल्या मेलेल्यांची नगरपालिकेने जातवार वर्गवारी केली होती. इन्फ्लुएंझाने युरोपियन दर हजारी आठच्या आसपास गेले, आणि ज्यांना कागदोपत्री 'हलक्या जातीचे हिंदू' म्हटले होते ते दर हजारी एकसष्टच्या वर. ह्या दुसऱ्या रकान्यातल्या माणसांसाठी कुठल्या हवालदाराने वही उघडली नाही. आकडा मात्र बिनचूक ठेवला.

किलखोमनला प्रेते चर्चमध्ये आणून ठेवली. प्रार्थनेच्या बाकांमध्ये रांगा लागल्या. मॅकनील वही घेऊन तिथे बसला. गावकऱ्यांनी लांब चर खणले, कारण एकेकाला वेगळा खड्डा खणायला माणसे उरली नव्हती. बेटाचे तरुण फ्रान्समध्ये होते, त्यांतले पुष्कळ परत येणार नव्हते. खणणारे म्हातारे, आणि पुरले जाणारे विशीतले. फेब्रुवारीत शिवलेला झेंडा तोवर बेटाबाहेर गेला होता, आणि ह्या वेळी गवगवाही पूर्वीइतका झाला नाही. महिन्याभरात युद्धविराम झाला. जगाला आनंदोत्सव करायचा होता. चारशे माणसांच्या अपघाताची बातमी त्यात बुडून गेली. पाणतीराने मेलेला हुतात्मा, टकरीने मेलेला अपघातग्रस्त, असा भेद वर्तमानपत्रे करतात. आई करीत नाही.

पुढे 'ओ'च्या टोकावर, समुद्राहून शंभर मीटरहून अधिक उंच अशा कड्यावर, अमेरिकन रेडक्रॉसने एक दगडी मनोरा उभारला. दोन्ही बोटींच्या मृतांचे हे स्मारक १९२० च्या सुमारास पुरे झाले. दूरून दीपस्तंभ वाटावा असा तो बांधला आहे, पण त्यात दिवा नाही. प्रवाशांच्या पुस्तकांत चित्र येते ते ह्याचे. जागा मोक्याची खरी. पण त्याच वर्षी, मनोरा उभा राहत असताना, खालची थडगी रिकामी होत होती. अमेरिकन सरकारने मृतांच्या नातेवाइकांना विचारले: मुलगा घरी आणावा, की युरोपातल्या अमेरिकन दफनभूमीत ठेवावा? त्याप्रमाणे आयलावरची अमेरिकन प्रेते उकरून काही अमेरिकेला, काही लंडनजवळच्या ब्रुकवुडला नेली. किलनॉटनला एकच अमेरिकन राहिला, घरच्यांच्या इच्छेने. तो ऑलिंपिकच्या जंगलातला वनरक्षक होता. तिकडे त्याच्या नावाचा डोंगर आहे.

म्हणजे किलखोमनला उरले कोण? ओट्रँटोचे खलाशी. आगवाले, कोळसेवाले, खानसामे, नाविक. कप्तान डेव्हिडसनही तिथेच आहे. ब्रिटिश सरकारचा नियम असा होता की कोणाचेही प्रेत घरी न्यायचे नाही, श्रीमंताचे नाही आणि गरिबाचेही नाही. शाही युद्धकबर मंडळाने दुसराही नियम केला: अधिकारी असो की शिपाई, दगड एका मापाचा. ह्या नियमांवर पार्लमेंटमध्ये मोठा कल्लोळ झाला, उमरावांच्या घरच्या बायकांनी सह्यांचे अर्ज केले, पण मंडळ हलले नाही. ज्यांनी हे तत्त्व राखले त्यांना मी मान देतो, मग ते साम्राज्याचे चाकर असोत. अनोळखी माणसाच्या शिळेवरचा मजकूर सुचवला रडयार्ड किपलिंगने, ज्याचा जन्म मुंबईचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. त्याचा स्वतःचा मुलगा १९१५ मध्ये फ्रान्सला बेपत्ता झाला होता. राजकारणात हा कवी आपला वैरीच. पण तो मजकूर लिहिताना तो मुलगा शोधणारा बाप होता.

आणि आता सुरुवातीला राखून ठेवलेला संबंध. एका मापाचा दगड हे तत्त्व किती दूर गेले? इराकात बसऱ्याला त्याच मंडळाचे स्मारक आहे, मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांचे. ह्यात हिंदी शिपाई फार. पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी, सातारा-रत्नागिरीकडची पोरे, कूतच्या वेढ्यात आणि त्यानंतरच्या कैदेत गेली ती ह्या मोहिमेतली. ब्रिटिशांची नावे त्या भिंतींवर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव लिहून पुढे आकडा घातला: अमुक पलटण, इतके. पैसा नव्हता म्हणावे तर भिंत होती, दगड होता, पाथरवट होता. यादीसुद्धा होती. नाव कोरण्याजोगा तो माणूस वाटला नाही, एवढेच. २०२१ च्या एप्रिलमध्ये खुद्द त्या मंडळाच्या समितीने कबूल केले की आफ्रिका आणि मध्यपूर्वेत ४५ ते ५४ हजार माणसांचे स्मारक इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि निदान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांचे नावानिशी झालेच नाही. मंडळाने माफीही मागितली. शंभर वर्षे उशिरा का होईना, सरकारी कागदावर आले हे बरे झाले. आमच्या धंद्यात आम्ही लेखी कबुलीला महत्त्व देतो.

मी आयलाच्या लोकांना साधू ठरवीत नाही. ज्यांच्यावर प्रेते लाटेने आणून टाकली त्यांनी ती उचलली, आणि ती माणसे त्यांच्यासारखीच दिसणारी, त्यांच्याच धर्माची होती. मॅकनीलच्या किनाऱ्याला रत्नागिरीचा खलाशी लागला असता तर वहीत काय लिहिले गेले असते? माझा कौल हवालदाराच्या बाजूने आहे. ज्याने धोब्याचा नंबर सोडला नाही त्याने गळ्यातला ताईतही सोडला नसता. पण बसऱ्याची भिंत हवालदारांनी बांधलेली नव्हती.

मुंबईत मशीद बंदराजवळ खलाशांचे जुने वसतिगृह आहे, इंडियन सेलर्स होम. पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या, आणि समुद्राखेरीज कबर नसलेल्या, दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक तिथे आहे. त्यांत डेकवरचे कोकणी मुसलमान आहेत, भटारखान्यातले गोवेकर आहेत, आगवाल्यांत पंजाबकडचे लोक आहेत. ह्यांची नावे आहेत, आकडा घालून काम भागवलेले नाही. शहरातल्या फार थोड्या लोकांना ही जागा माहीत आहे. गोदीतून पाळी सुटल्यावर चालत जाता येते.